डावीकडचाच हॅलोजन बल्ब सारखा उडतोय? नवा घेण्याआधी जुना नीट बघा

चौदा महिन्यांत चार बल्ब गेले. चारही डावीकडचे, आणि चारही वेळा गेला तो डिपर (खाली, जवळ पडणारा प्रकाश; लांबवर जाणारा तो अप्पर). उजवीकडचा मात्र मी गाडी घेतली तेव्हापासूनचा, त्याला काही होत नव्हतं. पहिल्यांदा "बल्बच तो, उडणारच" म्हणून सोडून दिलं. दुसऱ्यांदा दुकानदाराच्या मालाला नावं ठेवली. तिसरा चिडून महागातला घेतला, तो सहा आठवड्यांत गेला. चौथा गेला कुंभार्ली घाटात, पोफळी सोडून वर चढताना, रात्री साडेनऊला, पाऊस आणि धुकं दोन्ही जोडीला. डावीकडची साइडपट्टी दिसेना. अप्पर मारला की डावा दिवा लागायचा, पण धुक्यात अप्पर मारणं म्हणजे आपणच आपल्यासमोर चादर धरणं. उजवा चालू होता हे नशीब. डाव्याऐवजी तो गेला असता तर समोरून येणाऱ्या ट्रकला मी लांब कडेने चाललेली मोटरसायकल वाटलो असतो.

गाडी जुनी पेट्रोल हॅचबॅक, हेडलाइटला एच४ बल्ब (एकाच बल्बात अप्पर आणि डिपर अशी दोन फिलामेंट), १२ व्होल्ट, ६०/५५ वॉट. आपल्याकडे हॅलोजन म्हटलं की अनेकांना मंडपातला, नाहीतर क्रिकेटच्या नाइट मॅचचा मोठा दिवा आठवतो, म्हणून आधीच सांगतो, इथे विषय गाडीच्या हेडलाइटचा आहे. मंडपवाल्यांसाठी एकच ओळ: ती ५०० किंवा १००० वॉटची लांब नळी आडवीच बसली पाहिजे. तिरकी टांगली की आतलं फिलामेंट आणि वायू दोन्ही एका बाजूला सरकतात आणि नळी चतुर्थीला लावलेली गौरी जेवायच्या आत जाते.

आधी एक प्रश्न: एकच बाजू की दोन्ही?

गॅरेजमध्ये गेलात की पहिलं वाक्य ऐकू येतं, "साहेब, एलईडी टाकून घ्या." त्याकडे नंतर येऊ. त्याआधी स्वतःला विचारायचा प्रश्न हा की बल्ब नेहमी एकाच बाजूचा जातो, की कधी डावा कधी उजवा?

दोन्ही बाजूंचे आलटून पालटून जात असतील तर संशय चार्जिंगवर घ्यायचा. दोन्ही बल्बना मिळणारी वीज एकच आहे, तेव्हा ती जास्त असेल तर मार दोघांनाही बसणार. एकच बाजू जात असेल तर डायनॅमोला दोष देण्यात अर्थ नाही. दोष त्या बाजूच्या होल्डरमध्ये, अर्थिंगमध्ये, बल्बमागच्या रबरी बुटात (पाणी अडवणाऱ्या झाकणात), हेडलाइटच्या फिटिंगमध्ये किंवा बल्ब बसवणाऱ्या हातात असतो. मला हा प्रश्न चार बल्ब घालवल्यावर सुचला. आणि दोन्ही बाजूंचे डिपर एकाच क्षणी बंद पडले तर बल्ब काढूच नका, फ्यूज, रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) आणि स्टिअरिंगखालचा कॉम्बिनेशन स्विच आधी बघा. दोन फिलामेंट ठरवून एकदम मरत नाहीत.

उडालेला बल्ब फेकू नका

चौथा बल्ब मी घरी आणला, पुसला आणि आजोबांच्या भिंगाखाली धरला. तिसरा अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून होता, तोही काढला. दोघे दोन वेगवेगळ्या कारणांनी गेलेत हे तिथल्या तिथे दिसलं.

काय बघायचं ते कळायला बल्ब आतून कसा चालतो ते थोडक्यात सांगतो. साध्या पिवळ्या बल्बमध्ये टंगस्टनचं फिलामेंट तापतं, त्याची हळूहळू वाफ होते आणि ती थंड काचेवर बसते. म्हणून जुना बल्ब आतून काळा पडायचा. हॅलोजनमध्ये आतल्या वायूत आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश असतो. तो काचेजवळच्या टंगस्टनला धरतो आणि पुन्हा तप्त फिलामेंटपाशी नेऊन सोडतो. त्यामुळे काच स्वच्छ राहते आणि फिलामेंट जास्त तापवता येतं. अट एकच, काचसुद्धा अडीचशे अंशांच्या वर तापलेली हवी. म्हणून बल्ब बोटाएवढा लहान आणि काच साधी नाही, क्वार्ट्झसारखी कणखर. अमेरिकेत १९५० च्या दशकात ही युक्ती जमली, युरोपात १९६२ मध्ये एका फिलामेंटचा एच१ गाड्यांत आला आणि १९७१ मध्ये दोन फिलामेंटचा एच४. पन्नास वर्षं उलटून गेली तरी आपल्या रस्त्यांवर तो अजून ढिगाने आहे.

आता भिंग घ्या. काच पूर्ण स्वच्छ, फिलामेंट मधेच तुटलेलं, टोकं काचेच्या कपच्यासारखी धारदार: बल्ब बंद असताना बसलेला धक्का. टंगस्टन थंड असताना ठिसूळ असतं. काच स्वच्छ, पण कॉइलची वेटोळी एका बाजूला ओढली जाऊन सैल पडलेली, जुन्या पेनातली स्प्रिंग ताणल्यावर दिसते तशी: बल्ब चालू असताना हादरे बसले आहेत. साधारण २,९०० अंशांवर टंगस्टन मऊ होतं आणि थरथरीने लोंबतं. माझा चौथा बल्ब नेमका असा होता.

तुटलेल्या टोकांवर मोहरीएवढे चकचकीत गोळे दिसले तर फिलामेंट वितळून तुटलंय. बल्ब दोन-तीन वर्षं चालला असेल आणि काच जराशी करडी असेल तर हे म्हातारपण, शोक करू नये. तीन आठवड्यांच्या नव्या बल्बमध्ये असे गोळे असतील तर व्होल्टेज तपासा.

आत पांढरी-पिवळसर भुकटी, जणू कुणी पिठी उडवली: हवा आत शिरली आहे. तप्त टंगस्टनला ऑक्सिजन मिळाला की त्याची अशी राख होते. म्हणजे काचेला तडा गेलाय किंवा बुडाशी सील सुटलंय. तडा जातो तो गरम काचेवर पाण्याचा थेंब पडून, नाहीतर बोटांच्या तेलाने. काचेवर एखादा दुधी डाग किंवा फुगवटा दिसला तर ते बोटाचंच काम. त्वचेवरचं तेल आणि मीठ त्या तापमानाला क्वार्ट्झचा पोत बिघडवतं, तेवढीच जागा जास्त तापते आणि कमजोर होते. माझ्या तिसऱ्या, महागातल्या बल्बमध्ये ही भुकटी होती आणि काचेवर अर्ध्या अंगठ्याएवढा दुधी पट्टा. बसवणाऱ्या मुलाच्या हाताला ग्रीस होतं हे मी उभा राहून पाहिलं होतं आणि गप्प बसलो होतो.

काच गडद काळी, पण बल्ब फार जुना नाही: बऱ्याचदा व्होल्टेज कमी पडतंय. काच पुरेशी तापत नाही, टंगस्टन परत जायचं चक्र बसत नाही. ऐकायला उलटं वाटतं, पण हॅलोजनला मंद जळणंही मानवत नाही. शेवटी बल्बच्या तीन पिना बघा. एखादी निळसर-तपकिरी पडली असेल तर त्या पिनेवर होल्डर सैल आहे.

मल्टीमीटर काढा

अडीच-तीनशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू, रेस थोडी वाढवून २,००० आरपीएमच्या आसपास. बॅटरीच्या दोन टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. सतत १४.८ च्या वर जात असेल तर डायनॅमोचा रेग्युलेटर गेलाय, गॅरेजवाले ज्याला कटआउट म्हणतात तो. काही नव्या गाड्यांत संगणक मुद्दाम व्होल्टेज वरखाली करतो, तिथे एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, दहा मिनिटं बघा.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का? हॅलोजनचं आयुष्य व्होल्टेजवर भयंकर अवलंबून असतं. पाच टक्के व्होल्टेज वाढलं की आयुष्य जवळपास निम्मं. १३.२ व्होल्टवर जेवढा टिकेल त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच १४.४ वर टिकतो आणि १५ वर पाचवा हिस्सा. उलट बाजूनेही तसंच, बल्बपाशी १३.२ ऐवजी १२ च पोचले तर उजेड पावपटीहून जास्त घटतो. अनेकांची "हॅलोजनचा उजेडच पडत नाही" ही तक्रार इथली असते. दोष बल्बचा नसतो, वाटेत खाल्लेल्या सव्वा व्होल्टचा असतो.

तो कोण खातं ते शोधायला दोन मोजमापं. बल्ब जोडलेला आणि चालू असताना मल्टीमीटरची लाल काडी बॅटरीच्या प्लसला, काळी काडी कपलरच्या (बल्बच्या पिनांवर बसणाऱ्या प्लगच्या) मागून बल्बच्या चालू पिनेला. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर स्विच, फ्यूज, रिले किंवा वायर यांपैकी कुणीतरी खातंय. मग काळी काडी बॅटरीच्या मायनसला आणि लाल काडी बल्बच्या अर्थ पिनेला. इथे ०.२ च्या आसपास ठीक, अर्धा व्होल्ट दिसला तर अर्थ खराब. हेडलाइटच्या मागे बॉडीला एक नट-बोल्ट मारलेला असतो, तो कोकणातल्या हवेत गंजतो. खोला, पॉलिश पेपरने चकचकीत करा, कसा, वर थोडं ग्रीस. पाच मिनिटांचं काम.

अर्थ पूर्ण सुटली की एच४ मध्ये एक गंमत दिसते. डिपर लावला की त्या बाजूची दोन्ही फिलामेंट अंधूक लाल होतात आणि डॅशबोर्डवरचा निळा अप्परचा दिवाही मिणमिणतो. वीज बाहेर पडायला वाट नाही म्हणून ती अप्परच्या फिलामेंटमधून उलटी फिरून दुसऱ्या बाजूच्या दिव्यातून अर्थ शोधते. हे दृश्य दिसलं की बल्ब बदलू नका, अर्थ शोधा.

बॅटरीचं टर्मिनल सैल असणं हे आणखी एक कारण, आणि ते मल्टीमीटरवर सहसा दिसत नाही. बॅटरी ही डायनॅमोच्या झटक्यांना उशीसारखी असते. खड्ड्यात टर्मिनल क्षणभर सुटलं की तो झटका सरळ बल्बवर. टर्मिनल हाताने फिरवून बघा. फिरलं तर सापडलं.

१००/९० चा मोह

उजेड कमी पडतो म्हणून १००/९० वॉटचे बल्ब टाकणारे माझ्या ओळखीत निदान पाच जण आहेत. ६० वॉटला १२ व्होल्टवर पाच अँपिअर लागतात, १०० वॉटला आठच्या वर. कंपनीची वायर आणि कपलर पाचच्या हिशोबाचे. परिणाम ओळखीचा: आधी कपलरचं प्लास्टिक पिवळं पडतं, मग पिनेभोवती कार्बन धरतो, पकड सैल होते, सैल पकड आणखी तापते, आणि एक दिवस बल्ब ओढला की अर्धा कपलर हातात येतो. प्लास्टिकचा रिफ्लेक्टर असेल तर त्याच्या वरच्या भागाचा चांदीचा मुलामा उडतो, तो पुन्हा येत नाही. असा भाजलेला कपलर तसाच ठेवून साधा ६०/५५ बल्ब लावला तरी तोही लवकर जातो, कारण सैल पिनेवर बल्ब दर खड्ड्याला बंद-चालू होत असतो. थंड फिलामेंटचा रोध चालू फिलामेंटच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, त्यामुळे प्रत्येक वेळी पहिला झटका दहापटीपर्यंत करंटचा.

उजेड खरंच वाढवायचा असेल तर साधाच ६०/५५ ठेवा आणि रिलेचं वायरिंग करून घ्या. बॅटरीवरून फ्यूजसकट जाड वायर रिलेच्या ३० नंबरला, ८७ वरून बल्बला, आणि गाडीची मूळ वायर फक्त ८६ वर रिले उचलायला, ८५ अर्थला. जुन्या गाड्यांत जिथे सगळा करंट कॉम्बिनेशन स्विचमधून जातो, तिथे हा बदल पहिल्याच रात्री डोळ्यांना कळतो आणि स्विचही वाचतो.

"१३० टक्के जास्त उजेड" लिहिलेल्या बल्बांचं एक सांगून टाकतो. ते खोटे नसतात, चांगल्या कंपन्यांचे तर उत्तम असतात. पण तो उजेड फिलामेंट जास्त तापवून काढलेला असतो, त्यामुळे आयुष्य कमी. निळ्या काचेच्या "सुपर व्हाइट" बल्बमध्ये तर निळा थर आधी प्रकाशच गिळतो. रोज रात्री प्रवास असेल आणि बल्ब टिकणं महत्त्वाचं असेल तर पारदर्शक काचेचा साधा बल्ब, नावाजलेल्या कंपनीचा, डुप्लिकेट नव्हे. मला तरी यात आता शंका उरलेली नाही.

बसवताना

गाडी बंद, दिवा निदान दहा मिनिटं थंड. गरम हॅलोजनमध्ये वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या अनेक पट असतो, म्हणून चष्मा असेल तर घाला. कपलर सरळ मागे ओढायचा, हलवून हलवून नाही. रबरी बूट काढायचा, तारेची क्लिप दाबून बाजूला. नवा बल्ब पत्र्याच्या बुडाला धरायचा. काचेला हात लागलाच तर मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापडावर पुसून वाळू द्या, मग चालू करा. थुंकी लावून शर्टाने पुसणं चालणार नाही. हे मी पाहिलंय म्हणून लिहितोय.

बल्बच्या बुडाला तीन कान असतात आणि ते एकाच प्रकारे बसतात. जबरदस्तीने उलटा बसवलात तर डिपरच्या फिलामेंटखालची धातूची छोटी वाटी चुकीच्या बाजूला येते आणि डिपरच झाडांच्या शेंड्यांवर पडतो.

मग रबरी बूट. हा भाग सगळे विसरतात. बूट चारही बाजूंनी कडेवर चढला पाहिजे आणि "टॉप" लिहिलेली बाजू वर हवी. माझ्या गाडीत त्याचा खालचा ओठ फाटलेला होता आणि मधलं भोक बल्बच्या पिनांवर घट्ट न बसता अर्धवट लोंबत होतं. पावसाळ्यात चाकाचं पाणी तिथून आत, आत गरम काच. तिसऱ्या बल्बला बोटाने आधी कमजोर केलं आणि पाण्याने संपवलं, असा माझा अंदाज. नवा बूट सत्तर रुपयांना मिळाला.

मग माझ्या चौथ्या बल्बला कोण हलवत होतं?

व्होल्टेज १४.२. अर्थ घासून साफ. बूट नवा. तरी ती ताणलेली कॉइल डोळ्यांसमोरून जाईना. रात्री गाडी सोसायटीच्या कंपाउंडसमोर उभी केली, पाचवा बल्ब लावला, इंजिन चालू ठेवून डिपर भिंतीवर टाकला आणि बाजूला जाऊन उभा राहिलो. उजवीकडच्या प्रकाशाची वरची कड रेघेसारखी स्थिर. डावीकडची कड थरथरत होती. फार नाही, बोटभर. पण सतत. इंजिन बंद केलं की दोन्ही कडा सारख्या.

बॉनेट उघडून डावं हेडलाइट हाताने हलवलं तर ते खुळखुळ्यासारखं हललं. हेडलाइटला तीन ठिकाणी कान असतात, दोन वर, एक बाजूला बंपरच्या आत. बाजूचा तुटलेला होता. दोन वर्षांपूर्वी पार्किंगमध्ये एक रिक्षा डाव्या कोपऱ्याला घासली होती. बंपर ठोकून रंगवून घेतला, काच फुटली नाही म्हणून हेडलाइट कुणी तपासलं नाही, मीही नाही. तेव्हापासून ते दिवस-रात्र इंजिनाबरोबर नाचत होतं आणि आतलं तापलेलं फिलामेंट त्याबरोबर.

बंपर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीने तुटलेला कान गरम स्टेपल पिना रुतवून जोडला, वरून प्लास्टिक वितळवून भरलं आणि मागे ॲल्युमिनियमची पट्टी मारली. साडेतीनशे रुपये. फेविक्विकने जोडायला जाऊ नका, उन्हाळ्यात सुटतं.

काम झाल्यावर सेटिंग करावंच लागतं, कारण हेडलाइटचा कोन बदललेला असतो. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी करा, टायरमध्ये हवा बरोबर, डिकी रिकामी. जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ मारा. डिपरची वरची कड त्या रेघेच्या साधारण दहा सेंटीमीटर खाली आली पाहिजे.

आता एलईडीचं

एलईडी वाईट नाही, उलट प्रकाश देण्यात हॅलोजन त्याच्या जवळपास येत नाही. एच४ चा डिपर ५५ वॉट खाऊन सुमारे १,००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप) देतो, बाकी सगळी उष्णता. पूर्वीचा एचआयडी म्हणजे झेनॉन ३५ वॉटमध्ये ३,२०० ल्युमेन देई. कंपनीनेच एलईडीसाठी घडवलेलं हेडलाइट असेल तर प्रश्नच मिटला. माझी हरकत हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी "बल्ब" खुपसण्याला आहे. रिफ्लेक्टरचा प्रत्येक बाक ठरलेल्या जागी ठरलेल्या लांबीचं फिलामेंट आहे असं धरून काढलेला असतो. एलईडीत त्या जागी दोन बाजूंना चिकटवलेल्या चपट्या चिप असतात. जागा मिलिमीटरभर चुकली तरी प्रकाश पसरतो. आपल्या पुढ्यातला रस्ता पांढराशुभ्र दिसतो, म्हणून वाटतं पैसे वसूल. लांबचं मात्र कमी दिसतं आणि समोरचा आंधळा होतो. जर्मनीत असे बदली एलईडी २०२० मध्ये कायद्याने चालू लागले, तेही ठरावीक बल्ब ठरावीक गाडीलाच, चाचणी करून. आपल्याकडे खोक्यावर "२०,००० ल्युमेन" लिहून मिळतात त्यांना अशी कुठलीच चाचणी नसते, आणि गाडीत मूळ रचनेबाहेरचा बदल म्हणून कायदाही आपल्या बाजूने नाही.

कोकणात राहणाऱ्यांसाठी आणखी एक. हॅलोजनची उष्णता पुढे फेकली जाते, त्याने काचेच्या आत धरलेली वाफ पंधरा मिनिटांत सुकते. एलईडीची उष्णता मागे पंख्याकडे जाते, पुढची काच थंड राहते, वाफ तशीच. शिवाय पंख्याला जागा हवी म्हणून रबरी बूट कापतात आणि पाण्याला दार उघडून देतात.

"धुक्यात पिवळाच घुसतो" हे मात्र मी म्हणणार नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींपेक्षा पुष्कळ मोठे, ते सगळ्या रंगांना सारखेच परतवतात. फरक पडतो तो प्रकाश वर किती सांडतो याने. हॅलोजनचा डिपर नीट सेट असेल तर कमी सांडतो. एवढंच.

आणि माझ्या गाडीत तेव्हा एलईडी टाकला असता तर? कान तुटलेलाच राहिला असता, बूट फाटलेलाच. थरथरणारा झगझगीत प्रकाश घेऊन घाट चढलो असतो.

मोटरसायकलवाल्यांसाठी थोडं

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइटचं बटणच नाही, इंजिन चालू तर दिवा चालू. त्यामुळे ३५/३५ वॉटचा एचएस१ बल्ब दिवसाही जळतो आणि वर्षभराचे तास सहज दुप्पट-तिप्पट होतात. बल्ब लवकर गेला तर आधी तो हिशोब करा. ॲक्सिलरेटर दिला की उजेड वाढणाऱ्या जुन्या गाड्यांत दिवा थेट इंजिनातल्या वीज बनवणाऱ्या कॉइलच्या एसीवर चालतो. वेगात असताना बल्ब जात असेल तर कटआउट बदला. एचएस१ च्या जागी कान घासून ६०/५५ चा एच४ बसवू नका. कॉइलला तेवढी ताकद नसते, बॅटरी बसते आणि प्लास्टिकचा रिफ्लेक्टर भाजतो.

माझ्या गाडीचा पाचवा बल्ब साधा, पारदर्शक, दीडशे रुपयांचा. सोळा महिने झाले, चालू आहे. गेल्या महिन्यात उजवीकडचा उडाला. काच करडी, टोकांवर दोन छोटे गोळे. त्याचं वयच झालं होतं.